नागझिऱ्यात सांगितलेली गोष्ट

'तुंबाड' या हिंदी चित्रपटाचे मूळ शोधायचे म्हटले की अभ्यासक कोकणाकडे वळतात. ते स्वाभाविक आहे. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, पाऊस कोकणातला. पण या चित्रपटाचा पहिला धागा आमच्या झाडीपट्टीत सापडतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मुलाखतींतून सांगितले आहे, की १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ते हादरून गेले. पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ मध्ये लिहिला. चित्रपट पडद्यावर आला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी.

तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, नागझिरा भंडारा जिल्ह्यात होते. साहित्यात नागझिऱ्याची ओळख आहे ती व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे. दोघांचेही कान जंगलाकडे लागलेले. भयकथेच्या नकाशावर हे ठिकाण कोणी मांडलेले माझ्या वाचनात नाही. वास्तविक तळ्याकाठच्या विश्रामगृहांत वीज नसे, रात्री कंदील आणि गप्पा एवढेच. गोष्ट सांगायला याहून चांगली जागा कोणती?

बर्वे यांच्या आठवणीतला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो : 'सांगितली'. मित्राने पुस्तक हातात दिले नाही. 'वाचून पाहा' असे म्हणून तो थांबलाही नाही. त्याने गोष्टच सांगून टाकली. मराठी वाचक भयकथेची शिफारस अशीच करतात, असे माझे निरीक्षण आहे. गेली काही वर्षे आमगाव, तिरोडा, सडक अर्जुनी भागातल्या जुन्या वाचकांना मी एकच प्रश्न विचारत आलो : धारप तुम्हाला कोणी सुचवले? बहुतेकांना माणूस आठवतो, ठिकाण आठवते, पुस्तकाचे नाव आठवत नाही. आणि मग ते थेट गोष्ट सांगू लागतात. यात भाड्याच्या वाचनालयांचाही हात आहे. शंभर हातांतून गेलेल्या प्रतीचे वेष्टन आणि शीर्षकपान आधी जाते, गोष्ट मात्र शेवटच्या पानापर्यंत शाबूत राहते.

धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप उसनवारीचा. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, 'शपथ' त्याच्याच 'इट'वर. नागझिऱ्यात सांगितलेली कथा म्हणजे 'आजी', असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. आणि तीही किंगच्या 'ग्रॅमा' या १९८४ सालच्या कथेवरून आलेली. समीक्षेने हा हिशेब मांडला आणि वही मिटली. मला मात्र इथूनच पुढे काहीतरी विचारावेसे वाटते. अमेरिकेतून पुण्याला, पुण्याहून नागझिऱ्याला आणि तिथून पडद्यावर येताना या गोष्टीतले काय गळले आणि काय टिकले?

किंगच्या कथेत मोठ्या भावाचा खेळताना पाय मोडतो, आई त्याच्यासाठी इस्पितळात जाते आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा उरतो. 'तुंबाड'च्या पहिल्या भागात भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन निघते आणि लहानगा विनायक साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीबरोबर एकटा उरतो. काळ बदलला, देश बदलला, म्हातारीचे रूप बदलले. पण घर रिकामे करण्याची ही युक्ती जशीच्या तशी राहिली. सांगणाऱ्याला नेमके हेच लागते. शैली त्याला पाठ होत नाही, वर्णनेही नाहीत. 'भाऊ पडला, आई गेली, पोरगं एकटं' हे मात्र एकदा ऐकले की कायमचे. गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही हे या सांगाड्यावर ठरते. धारपांना तो अचूक ओळखता येत होता, आणि ही पारख म्हणजे चोराची नजर असे म्हणून भागत नाही.

दुसरी टिकलेली गोष्ट आहे एक नाव. चित्रपटातल्या देवाचे नाव हस्तर. अँब्रोझ बीअर्सच्या १८९१ मधल्या एका कथेत हास्तूर हा मेंढपाळांचा देव आहे. पुढे रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलले, त्याच्याकडून लव्हक्राफ्टने, आणि 'ग्रॅमा'मध्ये ते म्हातारीच्या मंत्रोच्चारात येते. हस्तर आणि हास्तूर हा योगायोग आहे असे म्हणणे मला जड जाते. लेखकांची नावे वाटेत पडत गेली, देवाचे नाव मात्र सव्वाशे वर्षे चालत आले. आणि मराठी कानाला ते परके वाटत नाही, एखाद्या ग्रामदैवताचे असावे असे वाटते!

दु:स्वप्नातल्या समाजाच्या कादंबऱ्या लोक असे सुचवत नाहीत. ऑर्वेलची '१९८४' सुचवणारा माणूस विन्स्टनची गोष्ट सांगत बसत नाही. तो त्या जगाचा नियम सांगतो : भिंतीवरचा पडदा तुमच्याकडे पाहत असतो, जुनी वर्तमानपत्रे रोज बदलली जातात. मग खिडकीबाहेर बोट दाखवतो. तिथे शिफारस म्हणजे एक मत असते, आणि मताला परिसंवादात खुर्ची मिळते. भयकथेची शिफारस करणारा कशाकडेच बोट दाखवत नाही, आवाज खाली आणतो. म्हणून पहिल्या प्रकाराला आपण विचारप्रवर्तक म्हटले आणि दुसऱ्याला रंजन. रत्नाकर मतकरींनी आपल्या कथांसाठी 'गूढकथा' हा शब्द जपला, त्यामागे हा भेदभाव झुगारण्याची धडपडही असावी. धारपांनी तेवढीही तडजोड केली नाही, आणि त्याची किंमत मोजली.

म्हणून धारपांना सगळे माफ, असे मी म्हणत नाही. शेकोटीपाशी गोष्ट सांगणाऱ्याला लेखकाचे नाव विसरण्याची मुभा असते. पुस्तक छापणाऱ्याला ती नसते. मूळ लेखकाचा ऋणनिर्देश हा छापील पानाचा धर्म आहे आणि तिथे धारपांच्या बाजूने वकिली करता येणार नाही. पण हाच नियम आपल्यालाही लागू होतो. 'तुंबाड'वर लिहिताना किंगचे नाव पहिल्या परिच्छेदात आणि धारपांचे ओझरते, असे लेख मी वाचले आहेत. नागझिऱ्यातल्या त्या मित्राचा उल्लेख तर बहुधा नसतोच. ज्याने ऐकवले नसते तर चित्रपट कदाचित झालाच नसता, तो वाचक आपल्या वाङ्मयेतिहासात कुठल्या प्रकरणात बसवायचा? लेखक, प्रकाशक, समीक्षक यांच्यासाठी रकाने आहेत. त्याच्यासाठी नाही.

'तुंबाड' २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला. त्यानंतरच्या दिवाळीत, आमच्याकडे मंडईचे दिवस सुरू झाले होते, नाटकाला वेळ होता म्हणून काही तरुण पोरे बांधावर बसली होती. त्यातला एक जण गोष्ट सांगत होता. पोराला घरात ठेवून आई गेली, खोलीत बांधून ठेवलेली म्हातारी. चित्रपटाचे नाव त्याने घेतले नाही. पिटेझरीच्या अलीकडे एका पाटलाच्या वाड्यात हे घडले, त्याच्या आजोबांनी स्वतः पाहिले, असे तो म्हणत होता. ऐकणाऱ्यांपैकी कोणीच त्याला अडवले नाही. मीही नाही.