मूळ चित्र आणि त्याची प्रत : चित्रकथांच्या मुखपृष्ठांचा विचार

मराठीत ‘प्रत’ ह्या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत : नक्कल आणि दर्जा. पोथीची आपण प्रत करतो आणि तांदूळ उत्तम प्रतीचा आहे, असेही म्हणतो. चित्रकथांच्या मुखपृष्ठांसाठी रंगविलेल्या मूळ चित्रांचे मोल ठरविताना हे दोन्ही अर्थ विचारात घ्यावे लागतात.

१९६४ ते १९९० ह्या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळाच्या कथा परदेशी वृत्तपत्रांतून आलेल्या होत्या, गोविंद ब्राह्मणिया ह्यांनी रंगविलेली मुखपृष्ठे मात्र इथलीच निर्मिती होती. सगळी कथा एका क्षणात एकवटावयाची आणि नावासाठी वर जागाही राखावयाची, हे अशा चित्रापुढील बंधन होय. छापील अंकात ती जागा अक्षरे व्यापतात. मूळ चित्रात तेथे नुसते आकाश उरते. रंगांचे थर, पांढऱ्या रंगाने झाकलेली दुरुस्ती, समासातील पेन्सिलीच्या सूचना ह्यांतले काहीच छपाईत उतरत नाही.

संग्राहकाची ओढ म्हणजे केवळ बालपणाची हळहळ, असा आक्षेप घेतला जातो. परंतु तेवढ्यासाठी जुना अंकही पुरेसा आहे. एर्जे ह्यांनी १९३६ मध्ये टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी काढलेले मुखपृष्ठ छपाई महाग पडेल म्हणून नाकारले गेले, घड्यांच्या खुणा असलेल्या त्याच चित्राला जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३२ लाख युरो मिळाले. त्या रूपात ते वाचकांच्या हाती कधी पडलेच नव्हते.

ह्या संदर्भात रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणेशमूर्तींचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथेही एका मूळ नमुन्यावरून साचा आणि साच्यातून अनेक मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीवर हातानेच होते. म्हणून रोह्याच्या एखाद्या घरात पुजली जाऊन कुंडलिकेत विसर्जित होणारी मूर्ती नक्कल असूनही कारागिराच्या हाताला पारखी होत नाही. मुखपृष्ठाच्या बाबतीत चित्रकाराचा हात मूळ चित्रापाशीच थांबतो. संग्राहक शोधतो तो हाच हात.

छपाई झाली की मूळ चित्राचे व्यावहारिक काम संपते. त्यामुळे त्याचे जतन बहुधा संग्राहकाच्या आस्थेवरच अवलंबून राहते. पण खाजगी कपाटात गेलेले चित्र अभ्यासकाला दुरावते. पोथीच्या वर्णनात आपण आकार, समास आणि खाडाखोड नोंदवितो. तशीच नोंद प्रत्येक मूळ मुखपृष्ठाची, ते विकले जाण्यापूर्वी, व्हावयास हवी.