विषाणू : एका शब्दाची सोयरीक

२०२० सालच्या साथीने ‘व्हायरस’ हा शब्द उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील घराघरांत पोहोचविला. ‘विषाणू’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द मात्र पुस्तकी ठरवून अनेकजण बाजूला सारतात. माझ्या मते हा त्या शब्दावर अन्याय आहे.

लॅटिन भाषेत ‘वीरुस’ म्हणजे विष. तसेच चिकट, घाण द्रव आणि उग्र दुर्गंधी. आपले ‘विष’ आणि ते ‘वीरुस’ ही एकाच मुळाची अपत्ये होत, दोन्ही नपुंसकलिंगी. दोन स्वरांमधील ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होतो, एवढाच काय तो भेद. संस्कृत ‘स्नुषा’ तिकडे याच नियमाने ‘नुरुस’ झाली आणि मराठीत ‘सून’ होऊन घरात नांदते आहे. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी या प्रांतातील भाषांची घडण लॅटिन व ग्रीकसारखी असल्याचे १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. विल्यम जोन्स यांचे या भाषाकुलावरील प्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर दोन शतकांनी, १७८६ साली झाले.

‘विषाणू’चे श्रेय एवढ्यावरच संपत नाही. १८९८ साली डच शास्त्रज्ञ बाइयेरिंक यांनी तंबाखूच्या रोगाचे कारण सांगताना ‘व्हायरस’ हा शब्द योजिला, तेव्हा ते त्यास सजीव द्रव समजत होते. तो द्रव नसून सूक्ष्म कण आहे, हे पुढे सिद्ध झाले. मराठीने जुने ‘विष’ राखले आणि त्यास ‘अणू’ जोडून कणाची जाणीवही दिली. येथे प्रतिशब्द मूळ शब्दाहून सरस ठरतो.

दोष आहे तो पूर्वपदात. व्हायरस हे विष नव्हे. तो जिवंत पेशीत शिरून आपल्या प्रती निर्माण करतो. ‘वीरुस’चा जुना अर्थ पाहावयाचा, तर अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे वाहणारी, कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेली वालधुनी पाहावी. ते विष माणसाने ओतलेले आहे. साथीच्या काळात मात्र विषाची ही भावना रोग्यालाच चिकटली आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यास दार लावून घेतले.

म्हणून ‘विषाणू’ हा शब्द आपण निःसंकोच वापरावा, व्यासपीठावरूनही वापरावा. तो परका नाही, आपल्याच गोतातला आहे. मात्र त्यातील विष आजारी माणसाच्या माथी मारू नये. कुष्ठरोग्यास स्पर्श करणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी शब्दार्थाचा हा विवेक राखलाच पाहिजे.