त्यागाचं बिल कोण भरतं?

दोस्तांनो, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी रात्रपाळी सुटल्यावर घाटकोपरच्या खोलीत वाचलं. शिकलेली मंडळी यातल्या विनोदावर खूष. मला मात्र घाम फुटला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला. बायकोला बातमी मागाहून. ती लहान दत्तूला घेऊन पंढरपुरात, नातेवाइकांच्या आधारानं. पाचेक वर्षं ताटातूट. टिळकांनी संसार सोडला, त्याला समीक्षक त्याग म्हणतात. बाईचा मोडलेला संसार कुठल्या खात्यात मांडायचा? हे पुस्तक म्हणजे त्या खात्याची वही. लक्ष्मीबाई रडगाणं गात नाहीत, हसत हसत हिशेब मांडतात. १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तोही नवऱ्यामागं फरफटत नाही. सोवळं-ओवळं आधी स्वतःशी भांडून सोडलं. ही या पुस्तकाची खरी ताकद.

पण ब्राह्मणाघरच्या या बाईला अक्षरं नवऱ्यानं शिकवली, म्हणून वही तरी लिहिली गेली. आपल्या रमाईची वही कुठाय? चार लेकरं मातीआड केली, १९३५ साली स्वतः गेली. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. ते ऋण त्यांनी मानलं. आपण मानतो का?

परवा मीटिंगहून बारा वाजता आलो. बायको एवढंच म्हणाली, "चळवळीत मला कधी नेणार?" माझ्याकडं जवाब नव्हता. पुढच्या बैठकीला ती येईल. पोराला मी सांभाळीन.