चित्र आणि प्रमाण : मुखेड परिसराच्या भूभौतिक दृश्यांकनाचा एक विचार

भूशास्त्र हे प्रारंभापासूनच चित्रांच्या आधाराने वाढलेले शास्त्र आहे. जे जमिनीखाली आहे ते डोळ्यांस दिसत नाही. ते कागदावर दिसते करावे लागते. भूशास्त्रीय नकाशा, उभा छेद, समोच्च रेषा ही सर्व ह्या गरजेतून निर्माण झालेली साधने होत. एके काळी असा एक नकाशा सिद्ध करण्यास क्षेत्रकार्याचे दोन हंगाम आणि आरेखकाचे कित्येक दिवस लागत. संगणकीय दृश्यांकनाने हे काम एका दुपारीवर आणून ठेवले आहे. विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या, गुरुत्वमापनाची मूल्ये किंवा भूकंपांची यादी प्रणालीस पुरवावी आणि काही क्षणांत रंगीत पृष्ठभाग पडद्यावर उमटावा, हा आता पदव्युत्तर विद्यार्थ्याचा नित्याचा अनुभव झाला आहे. ह्या सुलभतेचे स्वागत करीत असतानाच, असे चित्र हे संशोधनातील प्रश्न समजावयाचे की उत्तर, ह्याचा निर्णय होणे आवश्यक आहे. प्रबंधांतून ते बहुधा उत्तर म्हणून मांडले जाते. वस्तुतः ते प्रश्नच असते.

प्रथम ह्या साधनांच्या बाजूने जे म्हणावयास हवे ते म्हटले पाहिजे. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ ह्यांनी अमेरिकेतील लॅमाँट वेधशाळेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस रचलेली ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’ ही प्रणाली, गॅरी शर्मन ह्यांनी २००२ साली आरंभिलेली ‘क्यूजीआयएस’, आणि किटवेअर व लॉस ॲलामॉस प्रयोगशाळा ह्यांच्या सहकार्यातून २००० साली सुरू झालेली ‘पॅराव्ह्यू’ ह्या तिन्ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून अकरा दिवस चाललेल्या राडार सर्वेक्षणाने (एसआरटीएम) पृथ्वीच्या बहुतेक भूभागाच्या उंचीची जी आधारसामग्री मिळविली, तीही सर्वांस खुली आहे. ज्या साधनांसाठी पूर्वी महानगरातील संस्थेचा आश्रय करावा लागे, ती आज नांदेड वा लातूर येथील विद्यार्थ्याच्या हाती आहेत. विद्येच्या प्रसाराच्या दृष्टीने ही गोष्ट सामान्य नव्हे.

ह्या साधनांचा खरा उपयोग कोठे होतो हे कोयनेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १० डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर त्या परिसरातील धक्क्यांची नोंद अखंड चालू आहे. ह्या नोंदी तक्त्यांच्या रूपात वाचणाऱ्यास आकड्यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्याच नोंदी स्थळ, खोली व काळ ह्या तिन्ही अंगांनी मांडल्या, की सारे धक्के सुमारे वीस किलोमीटर रुंद व तीस किलोमीटर लांब अशा मर्यादित क्षेत्रातच एकवटलेले आहेत, आणि १९८५ मध्ये वारणेच्या जलाशयात पाणी साठविण्यास आरंभ झाल्यानंतरच्या काळात त्यांचा रोख दक्षिणेकडे वळला, ह्या दोन्ही गोष्टी नजरेत भरतात. येथे चित्र नवी माहिती निर्माण करीत नाही. असलेल्या माहितीतील संगती दाखविते आणि अभ्यासकास पुढचा प्रश्न विचारावयास लावते. ‘शोधक दृश्यांकन’ ह्या संज्ञेस जो अर्थ आहे तो हाच.

परंतु हीच पद्धती अविचाराने वापरली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरणही जवळच आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के लागोपाठ झाले व ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. त्या दोहोंची खोली दहा किलोमीटर अशी नोंदली गेली. जवळ पुरेशी भूकंपमापन केंद्रे नसली म्हणजे खोली निश्चित काढता येत नाही. अशा वेळी गणित पूर्ण व्हावे म्हणून दहा किलोमीटर, आणि जुन्या जागतिक सूच्यांत तेहतीस किलोमीटर, अशी एक ठरीव खोली गृहीत धरण्याची प्रथा आहे. अशा सूचीतील नोंदी त्रिमितीय प्रणालीत मांडल्या, की दहा किलोमीटरांवर बिंदूंचा एक सपाट पडदा पसरलेला दिसतो. ज्यास ही प्रथा ठाऊक नाही असा विद्यार्थी त्या पडद्यास कवचातील एखादा थर किंवा भ्रंशपृष्ठ मानून मोकळा होतो. चित्र जितके सुबक तितका हा भ्रम पक्का. प्रणालीने येथे काही खोटे केलेले नसते. गृहीतक व निरीक्षण ह्यांतील भेद तिला कोणी सांगितलेलाच नसतो.

मुखेड परिसराचा विचार करताना ही अडचण अधिक तीव्र होते. नांदेड जिल्ह्याचा पश्चिम व मध्य भाग दख्खन ट्रॅपने व्यापलेला आहे. पूर्वेकडे सरकत जावे तसतसा हा ट्रॅप पातळ होतो, आणि मुखेड, देगलूर, बिलोली ह्या भागांत त्याखालचे प्राचीन ग्रॅनाइट व नीस खडक उघडे पडतात. म्हणजे मुखेड हे दोन भिन्न भूशास्त्रीय प्रदेशांच्या सांध्यावर वसलेले आहे. बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः लाव्ह्याच्या थरांमधील सच्छिद्र पट्ट्यांत, तांबड्या बोलाच्या आसपास व सांध्यांत आडवे पसरलेले आढळते. ग्रॅनाइट-नीसमध्ये ते वरच्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत असते. भेग चुकली की शेजारच्या शेतातील बोअर कोरडी जाते. एका बाजूच्या विहिरीतील पातळीवरून दुसऱ्या बाजूच्या पातळीचे अनुमान करण्यास येथे भौतिक आधार नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींतील पातळ्या वर्षातून चार वेळा मोजते. ह्या विहिरी अर्थातच दूरदूर आहेत. त्यांच्यामधील रिकामी जागा भरून काढण्याचे काम प्रणाली अंतर्वेशनाने करते. अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देण्याची पद्धती निवडली, तर प्रत्येक विहिरीभोवती वर्तुळे उमटतात. ही वर्तुळे जलधराची नसून पद्धतीची असतात. डॅनी क्रिगे ह्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवरील १९५१ च्या कामातून पुढे विकसित झालेली ‘क्रिगिंग’ पद्धती अधिक सावध आहे, कारण ती मूल्याबरोबर त्याच्या अनिश्चिततेचाही अंदाज देते. तथापि तीही ट्रॅप आणि नीस ह्यांची सीमा आपण होऊन ओळखीत नाही. सीमारेषा घालून दिली नाही तर ती दोन्ही खडकांवरून एकच गुळगुळीत पृष्ठभाग ओढते. अनिश्चिततेचा नकाशा मात्र प्रबंधात क्वचितच छापला जातो. मूल्यांचा नकाशा छापला जातो आणि त्यावर निष्कर्ष उभारले जातात.

पातळीच्या मोजमापाचाही प्रश्न आहे. विहिरीतील पाणी जमिनीपासून किती खोल आहे ह्यावरून भूजलाच्या प्रवाहाची दिशा समजत नाही. त्यासाठी समुद्रसपाटीपासूनची पातळी काढावी लागते. अनेक अभ्यासक विहिरीच्या स्थानाची उंची एसआरटीएमच्या आधारसामग्रीतून घेतात. त्या सर्वेक्षणाने स्वतःस घालून घेतलेली उंचीतील चुकीची मर्यादा सोळा मीटर होती. प्रत्यक्षात चूक पुष्कळदा ह्याहून कमी आढळते, परंतु ती काही मीटरांची असतेच. आणि ऑक्टोबर ते मे ह्या काळात विहिरीची पातळी जी उतरते तीही काही मीटरांचीच असते. म्हणजे ज्या फरकाचा अर्थ लावावयाचा, त्याच्याच तोडीची चूक मापनाच्या पायातच बसलेली असते. अशा आधारावर काढलेले प्रवाहाचे बाण सुरेख दिसतात, पण ते प्रमाण नव्हेत.

रंगांची निवड ही वरवर किरकोळ वाटणारी बाब आहे. पण ती तशी नाही. निळ्यापासून तांबड्यापर्यंत जाणारी इंद्रधनुष्यी रंगमाला बरीच वर्षे अनेक प्रणालींत न मागताच मिळत असे. मॅटलॅबने ती २०१४ मध्ये बाजूस सारली. तिच्यातील पिवळा व निळसर हे पट्टे डोळ्यांस एकदम उठून दिसतात, आणि मूल्यांत कोठेही खंड नसताना तेथे सीमा असल्याचा भास होतो. फाबिओ क्रामेरी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०२० साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये ह्या दोषाचे सविस्तर विवेचन केले आहे. रंगांधळ्या वाचकास तर तिच्यातून विपरीतच बोध होतो. मुखेडसारख्या ठिकाणी, जेथे खरोखरीची सीमा अस्तित्वात आहे, तेथे रंगमालेने दुसरीच एक खोटी सीमा उभी करावी ह्यापरते दुर्दैव कोणते?

गुरुत्वमापनाच्या क्षेत्रात अशा अनुमानांस मोठा इतिहास आहे. कृष्णब्रह्मम् व नेगी ह्यांनी १९७३ साली गुरुत्व-नकाशातील कमी मूल्यांच्या पट्ट्यांवरून दख्खन ट्रॅपखाली कोयना व कुर्डुवाडी ह्या खचदऱ्या असाव्यात असे प्रतिपादन केले. पुढे कोयना परिसरात खोल छिद्रे घेण्यात आली, तेव्हा ट्रॅपखाली थेट ग्रॅनाइट-नीस लागला. मध्ये गाळाचे खडक आढळले नाहीत. किल्लारी येथे राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासातील ६१७ मीटर खोल छिद्रात ३३८ मीटर ट्रॅप, त्याखाली अवघे ८ मीटर गाळाचे थर आणि मग पायाचा खडक मिळाला. गुरुत्वातील एकच उणीव उथळ व हलक्या थरामुळे उद्भवू शकते, तशीच ती खोल कवचातील फरकामुळेही उद्भवू शकते. निव्वळ नकाशा पाहून ह्या दोहोंतून निवड करता येत नाही. खचदरीच्या कल्पनेने संशोधनास चालना दिली हे तिचे श्रेय नाकारावयाचे नाही. पण निर्णय अखेर छिद्राने दिला, चित्राने नव्हे.

ह्या सर्वांमागील प्रश्न रिकाम्या जागेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आठ ते दहा हजार माणसांचा बळी घेतला. त्या वेळी प्रचलित असलेल्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. १९९२ साली तेथे लहान धक्के जाणवले होते, तरी नकाशाचा तो भाग निर्धोकच मानला गेला. मोठ्या भूकंपाची नोंद नसणे आणि भूकंपाचा संभव नसणे ह्या दोन गोष्टी एक समजल्या गेल्या होत्या. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्र रद्द झाले व लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. जुन्या नकाशातील जागा निदान रिकामी तरी दिसत होती. तिच्याविषयी शंका घेण्यास वाव होता. आजची प्रणाली रिकामी जागा रिकामी राहूच देत नाही. ती तेथे रंग भरते, आणि रंग भरलेल्या जागेस अज्ञान म्हणावयास मन धजत नाही. किल्लारीपासून शंभरेक किलोमीटरांवर असलेल्या मुखेडच्या अभ्यासकास हा धडा परका नसावा.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, हाताने काढलेल्या समरेषाही अखेर अनुमानाच्याच होत्या. हे खरे आहे. परंतु त्या परंपरेने अनुमान व्यक्त करण्याची एक लिपी घडविली होती. जेथे सीमा प्रत्यक्ष पाहिली तेथे अखंड रेषा, आणि जेथे ती अंदाजाने ओढली तेथे तुटक रेषा, हा भूशास्त्रीय नकाशाचा जुना संकेत आहे. त्या तुटक रेषेत आरेखकाचा प्रामाणिकपणा साठविलेला असे. संगणकाची रेषा, स्वतंत्रपणे आज्ञा दिल्यावाचून, तुटक होत नाही. तेव्हा दोष यंत्राचा नसून यंत्राबरोबर जुना संकेत टाकून देण्याचा आहे. आणि तो परत आणणे अशक्य नाही.

त्यासाठी काही पथ्ये पाळणे पुरेसे होईल. मोजमापाची प्रत्यक्ष स्थाने नकाशावर दाखवावीत, म्हणजे किती बिंदूंवर किती विस्तार उभा आहे हे वाचकास कळेल. बिंदूंपासून दूरचा भाग कोरा ठेवावा. ट्रॅप व नीस ह्यांचे पृष्ठभाग वेगवेगळे काढावेत. काही विहिरी मुद्दाम वगळून उरलेल्यांवरून त्यांची पातळी वर्तवावी आणि ती खऱ्या मोजमापाशी ताडून पाहावी. चुकीचा आकडा मजकुरात द्यावा. छेदात उभे प्रमाण किती पटींनी वाढविले आहे ते लिहावे, कारण दहापट वाढविलेल्या छेदात बालाघाटचा मंद उतारही कड्यासारखा भासतो. आणि ज्या आज्ञांनी चित्र सिद्ध झाले त्या जतन कराव्यात. ‘जेनेरिक मॅपिंग टूल्स’सारख्या प्रणालीचा मोठा गुण हाच आहे की तिच्या आज्ञा लेखी स्वरूपात राहतात व दुसऱ्या अभ्यासकास त्या पडताळता येतात.

ही पथ्ये केवळ परीक्षकाच्या समाधानासाठी नव्हेत. मराठवाड्यात विहीर वा बोअर घेण्यापूर्वी पाणाड्यास बोलावण्याची रीत अद्याप आहे. तळहातावरील नारळ उभा राहिला की तेथे पाणी, असे तो सांगतो. विद्यापीठीय शास्त्राने त्या रीतीस नावे ठेवली, ती एवढ्याच कारणाने की तिचे अनुमान पडताळता येत नाही. आज त्याच शेताच्या बांधावर रंगीत नकाशा नेला जातो, आणि त्यावरील निळ्या डागाच्या भरवशावर शेतकरी कर्ज काढतो. तो डाग कोणत्या विहिरींवरून, कोणत्या महिन्यातील पातळीवरून व कोणत्या पद्धतीने आला हे सांगता येत नसेल, तर नारळ आणि नकाशा ह्यांत तत्त्वतः भेद उरत नाही. बोअर कोरडी गेली तर कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहते. शास्त्राचा अधिकार चित्राच्या देखणेपणातून येत नाही. आपण कोठपर्यंत जाणतो आणि कोठून पुढे जाणत नाही, ही रेषा उघडपणे आखण्यातून तो येतो. मुखेडच्या सांध्यावर ही रेषा आखणे अवघड आहे, आणि म्हणूनच तेथील अभ्यासात ती सर्वप्रथम आखली गेली पाहिजे.