मराठी कसोट्या आणि एच.आय.व्ही.बाधित मुलांचे बुद्धिमापन

एच.आय.व्ही.बाधित मुलांची बौद्धिक क्षमता मोजू पाहणाऱ्याने प्रथम आपल्या मापाची भाषा तपासली पाहिजे. मुलांसाठी विषाणुरोधक उपचारांची राष्ट्रीय योजना २००६ साली सुरू झाली आणि जन्मतः बाधा झालेली अनेक मुले शाळेचे वय गाठू लागली. उपचार चालू असता या विषाणूचा मेंदूवरील परिणाम बहुधा सूक्ष्म असतो. तो अवधान, अल्पकालिक स्मृती व विचाराची गती यांत दिसतो. तेथे दोनचार गुणांचा फरकही निर्णायक ठरतो.

आपल्याकडील साधनांचा वंश जुना आहे. बिने यांच्या कसोट्यांना कामतांनी १९३०-४० च्या दशकात मराठी व कानडी रूप दिले; वेक्स्लर यांच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर मॅलिन यांनी १९६९ साली नागपुरास केले. बिने-परंपरेत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवावयाचे असते. समजा, वाक्यात 'मी घरी आले' असे आहे. कसबा बावड्यातील मुलगी सहज 'मी घरी आलो' म्हणेल; कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही प्रथमपुरुषात हेच रूप योजतात. काटेकोर परीक्षकाच्या लेखी गुण गेला. वस्तुतः लांब वाक्य कोणी ध्वनिमुद्रिकेप्रमाणे साठवीत नाही. अर्थ धरून ते स्वतःच्या व्याकरणाने पुन्हा रचतो. तेव्हा हा 'आलो' स्मृतिदौर्बल्याचा नव्हे, उलट सुदृढ भाषाव्यापाराचा पुरावा होय.

अंकस्मृतीचेही असेच. वेल्श अंकनामे उच्चारण्यास इंग्रजीहून अधिक वेळ लागतो, म्हणून वेल्शभाषकांची अंकस्मृती उणी भासते, असे एलिस व हेनली यांनी १९८० साली दाखविले. मराठी अंकनामांचा असा हिशेब मांडल्यावाचून परकीय कोष्टके वापरणे धाडसाचे आहे.

कोणी म्हणेल, बाधा नसलेल्या मुलांशी तुलना केली की हा दोष दोन्ही पारड्यांत सारखाच पडेल. एकाच गल्लीतील मुले घेतल्यास हे मान्य. परंतु आईबाप गमावलेले मूल पुष्कळदा वसतिगृहात वा दूरच्या आप्तांकडे वाढते. त्याची बोली भोवतालच्या मुलांची नसते. शिवाय दवाखान्यात एकटे मूल समोर असते व तुलना छापील कोष्टकाशी होते. बोलीचा गुण मग विषाणूच्या खात्यावर पडतो, आणि मुलाच्या शाळेविषयीचा निर्णय त्यावर होऊ शकतो. उलटपक्षी, 'बोलीच आहे' म्हणून खरी घसरण सोडून देणारा परीक्षकही तितकाच घातक. सबब उत्तरपत्रिकेत दोन रकाने हवेत : एक बदललेल्या रूपांचा, दुसरा गळलेल्या अर्थाचा; आणि पहिला भरण्यास त्या बोलीचा जाणकार हवा.