‘सीमाचिन्ह’ या संज्ञेची व्याप्ती : भूमापनविषयक कायद्याच्या भाषेची चिकित्सा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने ‘सीमाचिन्ह’ या संज्ञेची केलेली व्याख्या मुंबईच्या १८७९ च्या संहितेतून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली आहे. माती, दगड वा अन्य पदार्थाची उभारणी, कुंपण, न नांगरलेला बांध, जमिनीची पट्टी किंवा कोणतीही नैसर्गिक वा कृत्रिम वस्तू हे सर्व तीत येते. अट एवढीच की, भूमापन अधिकाऱ्याने किंवा अधिकारप्राप्त महसूल अधिकाऱ्याने हद्द दाखविण्यासाठी ती उभारलेली, उपयोगात आणलेली वा नेमून दिलेली असावी. वरवर पाहता व्याख्या ऐसपैस वाटते. वस्तुतः ती दोन गोष्टींना घट्ट बांधलेली आहे : डोळ्यांना दिसणारी वस्तू आणि ती नेमून देणारा सरकारी अधिकारी.

सोळा आण्यांच्या ३३ फुटी साखळीच्या काळी हे यथायोग्यच होते. त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आणि मोजणी दगडापासून दगडापर्यंत चाले. आता रोव्हर यंत्र उपग्रहांच्या साहाय्याने बिंदूचे स्थान अंकांत सांगते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांचे मापन ड्रोनने होऊ लागले. मग हा अक्षांश-रेखांश सीमाचिन्ह ठरतो काय? ‘नेमून दिलेली’ हे विशेषण अंकाला लावता येईल. ‘वस्तू’ हे नाम मात्र लागत नाही. एखादा चतुर वकील अर्थ ताणूनही दाखवील. तथापि त्याच संहितेने सीमाचिन्हांची निगा व दुरुस्ती जमीनधारकावर सोपविली आहे. अंकाची डागडुजी शेतकऱ्याने करावी कशी? शिवाय भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत आहे. जागतिक संदर्भचौकटीत घेतलेला अंक वीस वर्षांत सुमारे मीटरभर चुकेल; म्हणून मोजणीची तिथी आणि संदर्भचौकट यांवाचून असा अंक अपुरा होय. बांधावरून फौजदाऱ्या होतात त्या मुलखात मीटर ही क्षुल्लक बाब नव्हे.

दुसरी अडचण कर्त्याची. ‘भूकरमापक’ या पदनामातच ‘कर’ बसलेला आहे, आणि इतिहासाला ते धरूनच आहे : गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात जी पाहणी केली ती आकारणीसाठी, मालकी ठरविण्यासाठी नव्हे. संहितेच्या मूळ पाठातही मोजणारा तो ‘अधिकारी’च. कर्नाटकाने परवानाधारक भूमापक आणले. त्यांचे ‘११-ई’ नकाशे विभक्त जमिनीच्या नोंदणीपूर्वी लागतात, तरी ते सरकारी तपासणीतून जावे लागतात. अशी तरतूद करताना पात्रता, शुल्क व परवाना रद्द करणे यांवरच मसुदाकार शाई खर्च करतात. परवानाधारकाच्या सहीचे बल काय, हा खरा प्रश्न. ती सही पुरावा आहे, की अधिकाऱ्यापुढे ठेवलेला केवळ कच्चा मसुदा? नकाशा चुकल्यास नुकसान कोणी सोसावे?

मराठीत ‘मोजणी’ हा शब्द क्रिया आणि फल या दोन्हींसाठी चालतो. कायद्याच्या मराठी पाठात ही मोकळीक परवडणारी नाही. ‘मोजणी अमान्य’ म्हणताना शेतात झालेले काम पुन्हा करावयाचे, की नकाशावरची रेघ तेवढी बदलावयाची, हे कलम वाचणाऱ्या तलाठ्याला कळावयास हवे.