‘स्टँडर्ड’ कुणाच्या घरचं?

कथाकवितेची समीक्षा आपण करतो. मग शास्त्रज्ञाचा पेपर तिच्यातनं का सुटावा? तोही शब्दांचाच असतो, आणि शब्द कुणाच्या बाजूनं उभा आहे हे विचारायला डिग्री लागत नाही.

२००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये असा एक पेपर छापून आला. विषय, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायांना होणारा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. करणारे मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. चिठ्ठ्या टाकल्यागत गावांचे चार गट पाडले. तीन गटांना तीन तऱ्हांची तपासणी. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांना ‘स्टँडर्ड केअर’.

मी या शब्दापाशी अडलो. मिलमध्ये स्टँडर्ड म्हणजे ज्याच्या खाली सूत उतरलं की लॉट नापास. इथं स्टँडर्ड म्हणजे जे चालू होतं ते. आणि खेड्यात चालू काय होतं? काहीच नाही. काहीच नसण्याला एवढं भारदस्त नाव! ‘प्रमाण’ म्हणून भाषेनं आपल्याला बाहेर ठेवलं; इथं आपली वंचनाच प्रमाण ठरली.

एचपीव्ही विषाणूची तपासणी ज्या गटाला दिली, त्यात या कॅन्सरनं ३४ बाया मेल्या. चौथ्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारखे मोठे. फरक सिद्ध झाला. एकदाच केलेली तपासणीही जीव वाचवते, हे जगाला कळलं. ते मोलाचं आहे, मी नाकारत नाही.

पण अशा तपासणीनं मरणं घटतात हे श्रीमंत देशांनी पॅप तपासणीवरून काही दशकं आधीच पाहिलं होतं. मग तीन तपासण्यांचीच आपसात तुलना का नाही केली? चौथा गट कशाला? एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं हे जाहीरपणे विचारलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटानं १९९८ पासून असाच प्रयोग केला, तिथंही एक गट बिनतपासणीचा.

बचाव असा की, तपासणी मुळात नव्हतीच, तर हिरावलं काय? हा युक्तिवाद नाशिककरांच्या ओळखीचा आहे. १९३० साली काळारामाच्या दारात आपली माणसं सत्याग्रहाला बसली, तेव्हा दार अडवणाऱ्यांची ढाल वहिवाटच होती. कधी आत आला नाहीत, मग आता का? वहिवाट म्हणजे जुन्या अन्यायाला मिळालेली पावती. ‘स्टँडर्ड केअर’ हे तिचंच इंग्रजी नाव.

या पेपरात आकडे लपवलेले नाहीत. ६४ चा आकडा सरळ तक्त्यात आहे. लपवावंसं कुणाला वाटलंच नाही, माझं भांडण तिथं आहे. खोटे आकडे पकडायला जाणकार लागतात. खरे आकडे वाचून अंगावर काटा यायला माणूस पुरतो.

म्हणून प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीनं सही करण्याआधी एक विचारावं. हे स्टँडर्ड कुणाच्या घरचं धरलंय? संशोधकाच्या, की त्या बाईच्या?